भेट प्रत

जामखेडात कुणाचं पुस्तक निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "आम्हाला भेट प्रत कधी?" सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, फेटा बांधला जातो. फेट्याला खुशीनं पैसे देणारा माणूस पुस्तकाला मात्र देत नाही. विषयांचा इथं दुष्काळ नाही. अहिल्यादेवींची चौंडी आहे, १७९५ची खर्ड्याची लढाई आहे, १९७०पासून आरोळे दांपत्यानं खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून उभं केलेलं आरोग्याचं काम आहे. एकेकावर जन्म घालवावा असं. पण जन्म घालवणाऱ्यानं खायचं काय?

हिशोब करून बघा. पाचशे प्रती, किंमत दोनशे, मानधन दहा टक्के. सगळ्या खपल्या तर लेखकाला दहा हजार. खपायला वर्षं जातात, आणि छपाईचे पैसे पुष्कळदा त्यानंच घातलेले असतात. "लेखन ही साधना, तिथं पैसा कशाला?" असं भाषण ठोकणाऱ्याचा पगार बहुधा दर महिन्याला जमा होत असतो.

आपल्या नगरचंच उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक तिथं राहिले, मिशनमध्ये शिकवलं, 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. आला की कुणाला तरी देऊन मोकळे. १९१७मध्ये तर मिशनचा पगारही सोडला. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांचं नाव झालं. चुलीची काळजी कुणी वाहिली, ते मात्र लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचायला मिळतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी नवऱ्याच्या लहरीपणाची अशी उलटतपासणी घेतली आहे की वाचताना हसू आवरत नाही, आणि थोड्या वेळानं हसल्याची लाज वाटते. मला तरी टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई मोठ्या लेखिका वाटतात. इतर पुष्कळ लेखकांच्या बायकांनी लिहिलं नाही, म्हणून त्या घरांतली उधारी आपल्याला माहीत नाही.

म्हणून लिहिणाऱ्या पोरांना मी नोकरी सोडू देत नाही. पोटाच्या कामानं कविता मरते, हे काही खरं नाही. नारायण सुर्व्यांनी शाळेत शिपायाची नोकरी केली, पुढे शिक्षक झाले, आणि १९६६ला 'माझे विद्यापीठ' आलं. दुकान सांभाळा, शेती करा, तलाठी व्हा, पण रोजचा तासभर लिहायला राखा. कुणी लेख मागितला तर मानधन किती, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका, गवंडी लाजतो का?

आणि वाचकहो, ओळखीच्या कुणाचं पुस्तक निघालं तर भेट प्रत मागू नका. दोनशे रुपये पुढे करा, सही नंतर मागा.