ई-२० पेट्रोलच्या काळात कार्ब्युरेटर घ्यावा की फ्युएल इंजेक्शन?

पंपावर मिळणारे पेट्रोल गेल्या काही वर्षांत बदलले आहे. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये तेच सर्वसाधारण पेट्रोल झाले. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय द्यावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पेट्रोल निवडणे आता आपल्या हातात फारसे राहिलेले नाही. यंत्र निवडणे मात्र आहे.

शेतकरी या धोरणाच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. इथेनॉलमुळे ऊस आणि मक्याला नवी बाजारपेठ मिळाली. त्याच वेळी जुनी मोटारसायकल, पॉवर वीडर, ग्रास कटर आणि पेट्रोलवरचा फवारणी पंपही त्याच घरात आहे.

इंजिनात नेमके काय बदलते?

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे जळताना त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. म्हणजे ई-२० भरल्यावर इंजिनला थोडे जास्त इंधन द्यावे लागते. ते मिळाले नाही तर मिश्रण पातळ होते. मग सकाळी इंजिन लवकर चालू होत नाही, ॲक्सिलरेटर दिल्यावर अडखळते आणि लोडवर जास्त तापते.

कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचे प्रमाण जेटच्या छिद्रावर ठरते. पेट्रोल बदलले तरी छिद्र तेवढेच राहते. फ्युएल इंजेक्शनमध्ये, म्हणजे एफआयमध्ये, छोटा संगणक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो मिश्रण पातळ झाल्याचे सांगतो आणि इंधन वाढवले जाते. सेन्सर नसलेल्या एफआय यंत्राला ही दुरुस्ती जमत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी तो आहे का, हे विचाराच.

मायलेजबद्दल नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अंदाज दिला आहे. ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या दुचाकींत ई-२० मुळे ३ ते ४ टक्के घट होईल, असे त्यात म्हटले आहे. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीत ही घट सुमारे दोन किलोमीटर भरते. ती सोसता येते. खरा खर्च होतो तो रबरी नळ्या, गॅस्केट आणि पाण्यामुळे. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. इथे एफआय असल्याचा उपयोग नाही. नळीचे रबर ई-२० ला टिकणारे आहे का, तेच महत्त्वाचे.

कोणत्या यंत्रासाठी काय?

- मोटारसायकल: एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष आल्यावर बहुतेक नव्या दुचाकी एफआय झाल्या. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालणारे असतात. जुनी गाडी घेताना किमतीत फार फरक नसेल, तर एप्रिल २०२३ नंतरची घ्या.
- एटीव्ही: मोठ्या बागेत खत, क्रेट, पाइप वाहण्यासाठी काहीजण एटीव्ही घेतात. बहुतेक एटीव्हींना रस्त्यावरची नोंदणी मिळत नाही, त्यामुळे बीएस-६ ची सक्ती त्यांना लागत नाही आणि छोटी मॉडेल अजून कार्ब्युरेटरवर येतात. रोज वापर असेल आणि सर्व्हिस सेंटर जवळ असेल तर एफआय घ्या. सुटे भाग मिळण्याची खात्री नसेल, तर गावातला मेकॅनिक खोलून साफ करू शकेल असा कार्ब्युरेटर परवडतो.
- वीडर, ग्रास कटर, जनरेटर: यात बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरच मिळतो. इथे निवडीपेक्षा निगा महत्त्वाची.

यंत्र महिनोन्‌महिने उभे राहणार असेल तर दोन्हींचे दुखणे वेगळे असते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि जेट बुजतो. एफआयची इंधनवाट बंदिस्त असल्याने हा त्रास कमी होतो. पण बॅटरी पूर्ण उतरली तर बहुतेक एफआय यंत्रांत इंधन पंपच चालत नाही. टाकीत पाणी गेले तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही खराब होतात, आणि ती दुरुस्ती जेट साफ करण्याइतकी स्वस्त नसते.

हंगाम संपताना एवढे करा

१. पेट्रोल कॅनमध्ये साठवून ठेवू नका. लागेल तेवढेच आणा आणि महिन्याच्या आत संपवा.
२. कार्ब्युरेटरचे यंत्र ठेवण्याआधी टाकी रिकामी करा, कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.
३. एफआय यंत्राची बॅटरी चार्ज ठेवा.
४. शंका आल्यास थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते वापरू नका. इथेनॉल पाणी ओढते आणि पाणी वाढले की दोन्ही मिळून खाली बसतात. टू-स्ट्रोक ग्रास कटर किंवा चेनसॉमध्ये हे फार धोक्याचे आहे, कारण त्या थरात ऑइल जवळजवळ नसते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.
५. चोक अर्धा ओढल्यावरच इंजिन नीट चालत असेल आणि प्लगचे टोक पांढरे दिसत असेल, तर मिश्रण पातळ आहे. आधी जेट साफ करून घ्या. त्यानेही फरक पडला नाही, तरच मेकॅनिकला जेटचा आकार तपासायला सांगा.

कृषी सहायकांनी यंत्र अनुदानाची माहिती देताना शेतकऱ्याला एक प्रश्न जरूर सुचवावा: हे यंत्र ई-२० वर चालते, असे मॅन्युअलमध्ये लिहिले आहे का? विक्रेत्याचे तोंडी आश्वासन वॉरंटीच्या वेळी कामी येत नाही. उत्तर लेखी मिळाले, तर कार्ब्युरेटरही बिनधास्त घ्या. लेखी मिळत नसेल, तर एफआयचे स्टिकर पाहून जास्त पैसे मोजू नका.