मुतखडा आणि टोमॅटोवरचा राग

परवा दवाखान्यात एक जुने पेशंट आले. घरचा टोमॅटोचा मळा असलेले शेतकरी. तीन वर्षांपूर्वी मुतखडा पडला होता, आता कमरेत पुन्हा कळ. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेव्हापासून टोमॅटो तोंडात घातला नाही. तरी खडा झालाच कसा?" पाणी किती पिता, असे विचारले, तर उत्तर आले, "सकाळी एक तांब्या, दुपारी जेवताना एक. रानात आठवण कुठे राहते?" सोबतच्या वहिनींनी भर घातली, "आणि लोणच्याशिवाय घास उतरत नाही यांना." माझे निम्मे काम तिथेच झाले.

टोमॅटोच्या बियांचा खडा होतो, हा समज घरोघरी आहे. वाचकहो, बी आतड्यातून शौचावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडात शिरायला तिला वाटच नाही. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. १०० ग्रॅम टोमॅटोत ऑक्झलेट साधारण ५ मिलिग्रॅम, तर तेवढ्याच पालकात कित्येकशे मिलिग्रॅम. खड्याला खतपाणी घालतात ते कमी पाणी आणि जास्त मीठ. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला हवे. उन्हात राबणाऱ्याला अर्थातच जास्त लागेल.

तेव्हा टोमॅटो खा, पण कामाप्रमाणे निवडून. गावरान टोमॅटो चपटा, कंगोरेदार, पातळ सालीचा आणि आंबट. सार, आमटी, रस्सा यांसाठी त्याला तोड नाही. चिंचेची गरज उरत नाही. पुसा रुबी हा जुना वाणही याच वळणाचा. बाजारात आज मुबलक दिसतो तो लांबट, टणक, जाड सालीचा संकरित टोमॅटो. तो प्रवासात टिकावा म्हणून निवडलेला आहे. त्याचे सार फिके होते. पण रस कमी असल्यामुळे कोशिंबीर पाणचट होत नाही, चकत्या नीट पडतात, भरले टोमॅटोही छान होतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या भाग्यश्री वाणात गर जास्त, बिया कमी. घरी प्युरी करून ठेवायला असा टोमॅटो घ्यावा. कच्च्या हिरव्या टोमॅटोची तीळ किंवा दाण्याचे कूट घालून केलेली चटणी तर भाकरीबरोबर अप्रतिम लागते.

कच्चा चांगला की शिजवलेला, हेही नेहमी विचारतात. शिजवताना क जीवनसत्त्व काही प्रमाणात जाते. उलट, टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन शिजवल्यावर आणि थोड्या तेलाच्या फोडणीत अंगी अधिक लागते. म्हणजे कोशिंबीरही हवी आणि सारही हवे.

माझा खरा राग आहे तो सॉसच्या बाटलीवर. मोठा चमचाभर सॉसमध्ये साधारण ४ ग्रॅम साखर आणि सुमारे १५० मिलिग्रॅम सोडियम असते. १०० ग्रॅम ताज्या टोमॅटोत सोडियम जेमतेम ५ मिलिग्रॅम. रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे पेशंट ताजा टोमॅटो सोडतात आणि वड्याबरोबर सॉस ओतून घेतात, याला पथ्य म्हणावे कसे?

दोघांनी मात्र जपून राहावे. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या आणि रक्तात पोटॅशियम वाढलेल्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच टोमॅटो खावा, कारण १०० ग्रॅममध्ये सुमारे २४० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. आंबट खाऊन छातीत जळजळ होणाऱ्यांनी रात्रीच्या जेवणात तो टाळावा. बाकीच्यांना भीतीचे कारण नाही.

आमच्या शेतकऱ्यांना मी सोनोग्राफी लिहून दिली आणि रानात पाण्याची कळशी न्यायला सांगितले. लोणचे फोडीपुरते ठेवा, म्हटले. वहिनी जाताना म्हणाल्या, "म्हणजे यांना सार करून घालू ना? गाड्या भरून माल बाजारात जातो आणि घरात तीन वर्षं सार नाही." मी म्हटले, आज रात्रीच करा. जो पिकवतो त्यानेच ऐकीव पथ्यापायी तोंड बांधून बसावे, हे बरे नव्हे.