डोकेदुखीच्या उपचाराला विमा मिळतो का? शहादेकरांनी हे आधी समजून घ्यावे

अर्धशिशीचा त्रास वर्षानुवर्षे चालतो, पण त्यासाठी दवाखान्यात भरती होण्याची वेळ क्वचितच येते. आरोग्य विमा मात्र बहुतेक वेळा भरती झाल्यावरच लागू होतो. म्हणूनच कार्ड असूनही अनेकांना खिशातूनच खर्च करावा लागतो.

पैसा कुठे जातो?
डॉक्टरांची फी, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या, गरज पडल्यास सीटी स्कॅन किंवा एमआरआय. शहाद्याहून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला धुळे, नाशिक किंवा सुरत गाठायचे, तर गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी वेगळीच.

सरकारी योजनेत काय मिळते?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, तेही ठरावीक आजारांसाठी, संलग्न रुग्णालयात भरती झाल्यावर. डोकेदुखीमागे मेंदूतील गाठ निघाली, तर हा मोठा आधार आहे. नेहमीच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. माहितीसाठी १५५३८८ वर फोन करता येतो.

खासगी पॉलिसी असेल तर?
साधारणपणे किमान २४ तास भरती आवश्यक असते. ओपीडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ‘एमआरआयपुरते ॲडमिट व्हा, क्लेम होईल’ हा सल्ला ऐकू नका. केवळ तपासणीसाठीची भरती बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. फॉर्म भरताना जुना त्रास लपवू नका. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा ३ वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही.

मग काय करावे?
* आधी सरकारी रुग्णालयात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.
* मेडिकलमधून स्वतःच गोळ्या घेत राहू नका. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके घेतल्यास त्यांनीच डोके दुखू लागते.
* अचानक असह्य वेदना, तापासोबत मान आखडणे, हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा झटके आल्यास लगेच १०८ ला फोन करा.

कार्डे वाटणे गरजेचेच होते. पण शहाद्यासारख्या तालुक्यात महिन्यातून एकदा जरी मेंदूविकारतज्ज्ञाची ओपीडी भरली आणि औषधे तिथेच मिळाली, तर ज्या खर्चाला विमा हात लावत नाही, तोच कमी होईल.