शिबिर संपले, यादीचे काय?

अकोला-वाशिम मार्गावरच्या मेडशीसारख्या गावात एखाद्या सेवाभावी संस्थेचे आरोग्य शिबिर भरते, तेव्हा दारातच नोंदणीचे टेबल असते. नाव, वय, मोबाइल क्रमांक, आधार. तपासणीनंतर त्याच ओळीत मधुमेह, क्षयरोग किंवा सिकलसेलचा निकाल. संध्याकाळी मंडप उतरतो. यादी मात्र स्वयंसेवकाच्या मोबाइलमध्ये राहते, अहवालासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे जाते. तिचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

ते विचारायला हवे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सर्व्हरमध्ये ९ नोव्हेंबर २०२१ रोजी घुसखोरी झाली. ती उघडकीस आली १८ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे ७० दिवसांनी. युद्धात, आपत्तीत ताटातूट झालेल्या ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्या हाती पडली. कारण साधे होते : एका सॉफ्टवेअरमधली त्रुटी वेळेत दुरुस्त झाली नव्हती. त्याआधी २०२० मध्ये ‘ब्लॅकबॉड’ या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि तिच्याकडे देणगीदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या अनेक देशांतील संस्था अडचणीत आल्या. त्या संस्थांच्या स्वतःच्या संगणकांना कुणी हातही लावला नव्हता.

या दोन घटनांशेजारी गावातली यादी ठेवली, की धोका संस्थेच्या आकारावरून मोजणे चुकीचे ठरते. मोठ्या संस्थेवर हल्लेखोरांची नजर अधिक असते, पण तिच्याकडे तज्ज्ञ असतात. घुसखोरी निदान कळते तरी. छोट्या संस्थेत मोबाइल हरवला, तरी त्यात कुणाकुणाची माहिती होती हे सांगता येत नाही. शिवाय नुकसान सारखे नसते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. एखादी मुलगी सिकलसेलची वाहक असल्याची नोंद गावभर झाली, तर तिच्या लग्नाच्या बोलणीत ती कायम आडवी येते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या धाकाने गावातली यादी सुरक्षित होणार नाही. त्यासाठी सवयी बदलाव्या लागतील : गरज नसेल तर आधार क्रमांक घेऊ नये, नाव आणि निकाल वेगवेगळे ठेवावेत, खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी, काम झाले की यादी पुसावी.

वाशिम हा आकांक्षित जिल्हा. इथे संस्थांची गरज आहे आणि पुढेही राहील. म्हणूनच निधी देणाऱ्यांनी ‘किती लाभार्थी?’ याबरोबर ‘त्यांची माहिती कुठे आहे?’ हेही विचारावे आणि तिच्या रक्षणाचा खर्च मंजूर करावा. औषधासाठी रांगेत उभा राहणारा माणूस विश्वासाने आपले दुखणे सांगतो. ते जपणे हाही उपचाराचाच भाग आहे.