लाल रंगातली घरे

गरीब माणूस गरीब का, हा प्रश्न निघाला की आपले उत्तर बहुधा तयार असते. तो आळशी असेल, उधळ्या असेल, शिक्षणाची आवड नसेल. हे उत्तर मोठे सोयीचे. त्याने त्या माणसाचा निकाल लागतो आणि आपली झोपही मोडत नाही. समाजशास्त्राचे काम ही झोप मोडण्याचे. ते त्याने कसे केले, याचा एक चांगला दाखला अमेरिकेत सापडतो.

१८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या तरुण विद्वानाला फिलाडेल्फियात बोलावले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. विद्यापीठाने त्यांना हुद्दा दिला साहाय्यकाचा. वर्गात शिकवायचे काम मात्र दिले नाही. शहराच्या सातव्या वॉर्डातल्या काळ्या वस्तीची त्यांनी पाहणी करायची होती. ही वस्ती म्हणजे शहराला लागलेली कीड, असा पुष्कळ प्रतिष्ठितांचा ग्रह होता. त्यावर विद्वत्तेचा शिक्का उमटला म्हणजे झाले!

डू बॉइस यांनी पत्नीसह त्याच वॉर्डात एका खोलीत बिऱ्हाड केले आणि ते घरोघर हिंडले. घरात माणसे किती, कामधंदा कोणता, भाडे किती, लिहिता-वाचता कोणाला येते, अशी सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती त्यांनी टिपून घेतली. त्यातून १८९९ साली ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ झाला.

त्यात दिसले ते असे. काळ्या कुटुंबांना घरे वाईट मिळत आणि भाडे गोऱ्यांपेक्षा जास्त पडे. कारखान्यांची व कचेऱ्यांची दारे त्यांना बहुतेक बंद. उरली ती घरकामे आणि हमाली. ग्रंथात एका इंजिनियरची हकीकत आहे. याच विद्यापीठाचा तो पदवीधर. उत्तम शिफारशीवर नोकरी लागली, पण तो काळा आहे हे कळताच काही तासांत सुटली. पुढे तो पदवीधरांच्या क्लबात वाढप्याचे काम करू लागला. त्याचे गोरे सहाध्यायी तेथे जेवायला येत. आता याला आळशी म्हणायचे, की अशिक्षित?

कोणी म्हणेल, ही विद्या दोषांवर पांघरूण घालते. तसे नाही. वस्तीतली गुन्हेगारी, मोडके संसार हे सारे डू बॉइस यांनी लिहिले आहे. स्वकीयांचे कानही उपटले आहेत. फक्त ‘हे कशातून आले?’ हा पुढचा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

पुढची गोष्ट घराच्या कर्जाची आहे, आणि कर्जासाठी हेलपाटे घातलेल्या कोणालाही ती समजेल. महामंदीत, १९३३ साली, अमेरिकन सरकारने घरमालकांच्या मदतीसाठी एक महामंडळ काढले. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले. हिरवा भाग सर्वांत भरवशाचा, लाल भाग धोक्याचा. काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल. १९३४ साली बँकांच्या गृहकर्जाला विम्याचे पाठबळ देणारे सरकारी खाते निघाले. त्याचे धोरणही त्याच वळणाचे.

मग चक्र सुरू झाले. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही. डागडुजी नाही म्हणून घराची किंमत उतरली. किंमत उतरली म्हणून वस्ती धोक्याची. तिकडच्या शाळा बऱ्याच अंशी स्थानिक घरपट्टीवर चालतात. घरे स्वस्त, म्हणून शाळाही रोड! बँकेतला कारकून कदाचित सज्जन गृहस्थ असेल, दर रविवारी प्रार्थनेला जात असेल. त्याने कोणाचा द्वेष केला नाही. त्याने नियम पाळला, एवढेच. अन्यायाला दर वेळी दुष्ट माणूस लागतोच असे नाही. नीट चालणारी कचेरीही पुरते. हे दाखवणे ही समाजशास्त्राची मोठी कामगिरी.

१९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांच्या बाबतीतला हा भेदभाव कायद्याने बंद झाला. पण घर ही एका पिढीत संपणारी वस्तू नव्हे. बापाचे घर मुलाला मिळते; ते गहाण ठेवून नातू कॉलेजात जातो. ज्याच्या आजोबांना कर्जच मिळाले नाही, त्याच्या वाट्याला काय येणार? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांच्या रांगेत बरोबर मध्ये उभ्या असलेल्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर होती. काळ्यांच्या रांगेतल्या मधल्या कुटुंबाची सुमारे ४५,०००.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी याच डू बॉइस यांना पत्र लिहिले. काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीचे उत्तर धाडले. दोघांना एकमेकांचे दुखणे ओळखू आले होते.

आता फराळाला मंडळी जमतील, गप्पा रंगतील, आणि चिवड्याचा दुसरा बकाणा भरता भरता कोणीतरी म्हणेल, “अहो, त्या लोकांना सवयच तशी!” अशा वेळी वाद घालू नये. शांतपणे एवढेच विचारावे, “त्यांना घरभाडे किती पडते हो?”