प्रश्न कराच्या दराचा की उत्पन्नाच्या प्रकाराचा?

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाकाठी २,५०० रुपये व्यवसाय करापोटी कापले जातात. महिना तीस हजार मिळवणारा कारकून असो वा कोट्यवधींचे वेतन घेणारा कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक, रक्कम एकच. १९८८ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २७६ मध्ये हीच कमाल मर्यादा घातल्याने राज्य सरकारलाही त्यापुढे जाता येत नाही.

प्राप्तिकराचे तत्त्व याच्या उलट आहे. ज्याची ऐपत अधिक, त्याने केवळ अधिक रक्कमच नव्हे, तर उत्पन्नाचा अधिक हिस्सा द्यावा, असे ते सांगते. कागदावर भारतात ते पाळलेही जाते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर नाही आणि २४ लाखांपुढे ३० टक्के दर आहे. मग श्रीमंतांवर अधिक कर असावा की नाही, हा वाद उरतोच कुठे?

तो उरतो उत्पन्नाच्या प्रकारात. त्याच वर्षाच्या दरांनुसार, एक कोटी रुपये पगार मिळवणाऱ्याला अधिभार व उपकरासह सुमारे २९ लाख रुपये कर द्यावा लागतो. तेवढाच नफा वर्षाहून अधिक काळ बाळगलेले सूचिबद्ध शेअर विकून मिळवला आणि दुसरे उत्पन्न नसले, तर कर होतो जेमतेम साडेतेरा लाख. या नफ्यावरील दर १२.५ टक्के आहे. तो नफ्याबरोबर वाढत नाही, आणि अधिभारही १५ टक्क्यांपुढे जात नाही. शिवाय पगारदाराचा कर हाती पैसे येण्यापूर्वीच कापला जातो. भागधारक मात्र शेअर विकेपर्यंत वाढलेल्या मूल्यावर एक रुपयाही देणे लागत नाही. अतिश्रीमंतांची संपत्ती मुख्यतः भागभांडवलातच असल्याने पायऱ्या-पायऱ्यांनी चढणाऱ्या दरांचा खरा भार उच्च पगारदार वर्गावर पडतो.

भांडवलावरील सवलतीच्या समर्थनार्थ मांडला जाणारा युक्तिवाद निराधार नाही. कंपनी आपल्या नफ्यावर आधीच कर भरते. भागधारकावर पुन्हा पूर्ण दर लावणे म्हणजे दुहेरी आकारणी, असे म्हटले जाते. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकराचा मूळ दर, अन्य सवलती सोडण्याच्या अटीवर, २२ टक्क्यांवर आणला गेला. लाभांशावर तर २०२० पासून भागधारकाच्या नेहमीच्या दरानेच कर लागतो. मग शेअरविक्रीच्या नफ्यालाच वेगळा न्याय कशासाठी?

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. एवढ्या दराने करचुकवेगिरी फोफावते, हे वांच्छू समितीने १९७१ मध्येच बजावले होते. हा धडा विसरता येणार नाही. मात्र त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. वारसाहक्काच्या मालमत्तेवरील कर १९८५ मध्ये गेला. २०१३-१४ मध्ये अवघे १,००८ कोटी रुपये देणारा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला आणि त्याऐवजी कोटीहून अधिक उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला. म्हणजे भार संपत्तीवरून पुन्हा उत्पन्नावर आला. २०१९ मध्ये पाच कोटींपुढील उत्पन्नावर लादलेला ३७ टक्के अधिभारही २०२३ मध्ये नव्या प्रणालीत २५ टक्क्यांवर आला आणि सर्वोच्च प्रभावी दर ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर उतरला.

यातून निघणारा निष्कर्ष ९७ टक्क्यांकडे परत जाण्याचा नाही. सर्वोच्च दर आणखी दोन-चार टक्क्यांनी वाढवल्यास तो बोजा पुन्हा पगारदारावरच पडेल. लहान गुंतवणूकदाराला आज मिळणारी सव्वा लाखाच्या नफ्यावरील सूट हवी तर वाढवावी. पण कोट्यवधींच्या भांडवली नफ्याला पगाराप्रमाणेच चढते दर लावावेत, हा मार्ग अधिक न्याय्य आहे. भांडवल देशाबाहेर जाईल ही भीती अगदीच खोटी नसली, तरी तिच्या आधारे श्रमाच्या रुपयावर भांडवलाच्या रुपयाहून दुप्पट कर कायम ठेवता येत नाही. ऐपतीनुसार कर हे तत्त्व मान्य असेल, तर ती ऐपत पगारपत्रकाबाहेरही मोजावी लागेल.