पागोटे बदलले, घोडा तोच!

विलायतेहून टपालाने एक डबी येते. डबीत कथलाच्या मिश्रधातूचे दहाबारा तुकडे असतात : घोड्याच्या धडाच्या दोन फाका, मान, शेपूट, स्वाराचे धड, दोन हात, मुंडके, तलवार आणि लगामासाठी शिशाची पातळ पट्टी. हे तुकडे कानशीने घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि वितीएवढाही नाही असा एक ऐतिहासिक घोडेस्वार लाकडी बैठकीवर उभा करायचा, असा हा छंद आहे. छंद उत्तम. पण विलायती कारखानदार विकतो ते नेपोलियनचे आणि वेलिंग्टनचे स्वार. आमच्या हौशी माणसाला हवा असतो मराठा स्वार. मग तो काय करतो? फ्रेंच स्वाराचे मुंडके करवतीने उडवतो, तेथे पागोटे घातलेले मुंडके चिकटवतो, मिशांना काळा रंग देतो, कपाळी गंध रेखतो आणि खाली पाटी लावतो : 'मराठा स्वार'. पाहणारे माना डोलावतात. एका प्रदर्शनात तर अशाच स्वाराला पहिले बक्षीस मिळालेले मी पाहिले आहे.

या स्वारात मराठा असतो तो गळ्याच्या वर. गळ्याखाली सगळा फ्रेंच!

आधी घोडाच घ्या. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू खांद्याशी सव्वाचार फुटांच्या आसपास. युरोपातल्या जड रिसाल्याचा घोडा त्याहून सहज फूटभर उंच. या छंदात सर्रास चालणारे माप म्हणजे चोपन्न मिलिमीटरचा माणूस, म्हणजे खऱ्याच्या सुमारे बत्तिसावा हिस्सा. या हिशेबाने भीमथडीचा खांदा चाळीस मिलिमीटरांवर यायला हवा. डबीतल्या घोड्याचा येतो पन्नासावर. एवढ्याशा मूर्तीत एक सेंटिमीटर म्हणजे सह्याद्रीएवढी चूक झाली! आणि ती नुसत्या मापाची चूक नव्हे. दौडीत घाट चढणारे, मिळेल त्या गवतावर राहणारे, काटक आणि बुटके जनावर हेच मराठ्यांच्या लढाईचे अर्धे मर्म होते. त्याच्या जागी तबेल्यात ओट खाऊन फुगलेला धिप्पाड घोडा उभा केला, की गनिमी काव्याची सगळी गोष्टच खोटी पडते.

उपाय अवघड नाही. घोड्याचे पाय कापून त्याला बुटका करू नये. तसे केले तर धड म्हशीचे आणि पाय शेळीचे दिसतात. त्यापेक्षा लहान मापाच्या, चाळिसाव्या हिश्शाच्या संचातला घोडा घ्यावा. विलायती घोडा त्या मापात बरोबर चाळीस मिलिमीटरांचा भरतो. मग नळ बसवणारे वापरतात ते एम-सील (कराडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते) घेऊन मान थोडी जाड करावी, आयाळ मोकळी सोडावी. शेपटाकडेही पाहावे. वॉटर्लूच्या काळातल्या इंग्रजी जड रिसाल्यात घोड्यांची शेपटे छाटत. असले बोडके शेपूट मराठ्याच्या घोड्याला ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी पेशव्याला टोपीही घालील.

मग सामान. डबीतल्या घोड्यावर दुहेरी लगाम असतो, खोगिराच्या पुढे पिस्तुलांच्या चामडी पिशव्या असतात, मागे गुंडाळलेली वळकटी असते. हे सगळे कानशीने उडवले पाहिजे. आपल्या भाषेत खोगीर, तंग, रिकीब, दुमची, जेरबंद असे एकेका पट्ट्याला वेगळे नाव आहे. ती नावे ज्याला ठाऊक नाहीत त्याने शिशाची पट्टी कापायला घेऊ नये. खोगीरभरती हा शब्द आपण भाषणांना लावतो. मूळ खोगिरात काय भरत, हे विचारायचे कुणाच्या मनात येत नाही.

आणि स्वार? जेम्स ग्रँट डफ १८१८ पासून साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता आणि १८२६ साली त्याने मराठ्यांचा इतिहास छापला. त्याच्या कित्येक निष्कर्षांशी आपल्या इतिहासकारांनी भांडण मांडले आणि ते योग्यच होते. पण मराठा स्वाराचा वेश त्याने नीट टिपला आहे : गुडघा झाकणारी तुमान, कापूस भरून शिवलेला अंगरखा, पागोट्याचा एक फेर हनुवटीखालून घेतलेला, आणि तलवार पट्ट्यात अडकवण्याऐवजी कमरेच्या शेल्यात खोचलेली. ढाल-तलवार सर्वांकडे, काहींकडे तोड्याची बंदूक. पण खरे जातीचे हत्यार भाला. आता हे वर्णन समोर ठेवून त्या बक्षीसपात्र स्वाराकडे पाहा. गुडघ्यापर्यंत बूट, छातीवर चामड्याचे पट्टे, तलवार साखळीला लोंबकळलेली, आणि भाला नाहीच! अंगरख्याची शिवण दाखवायला एम-सील अर्धवट घट्ट झाल्यावर सुईने रेघा ओढाव्या लागतात. एक संध्याकाळ जाते. भाला ओतीव घेऊ नये, बोट लागताच वाकतो. पितळी तार ठोकून टोक चपटे करावे. एवढे कष्ट कोण घेणार? त्यापेक्षा गंध रेखणे सोपे.

"एवढ्याशा बाहुल्यांसाठी एवढा त्रागा कशाला?" असे एक स्नेही म्हणाले. मी म्हणतो, मोठे ग्रंथ किती मुले वाचतात? दिवाळीत दारापुढे मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारे पोर इतिहास शिकते ते त्यावर मांडलेल्या चित्रांवरून. डोळ्यांनी एकदा पाहिलेली चूक पुस्तकाने पुसत नाही. महाराजांचे म्हणून भलत्याच सरदाराचे चित्र आपण वर्षानुवर्षे भिंतीला लावले आणि त्याला हार घातले, वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली खरे चित्र पुढे आणले तेव्हा कुठे डोळे उघडले. तेही पागोट्याखालचा माणूस न पाहिल्याचेच फळ नव्हते काय?

आणि आम्ही कराडकरांनी तरी हे हलक्यावर नेऊ नये. वसंतगडाच्या पायथ्याचे तळबीड हे हंबीरराव मोहित्यांचे गाव. प्रतापराव गुजर १६७४ साली नेसरीला पडल्यावर साऱ्या घोडदळाची सरनोबती या गावाकडे आली आणि १६८७ साली वाईच्या लढाईत हंबीररावांनी देह ठेवीपर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. ताराबाई त्यांचीच लेक. त्या गावापासून हाकेच्या अंतरावर राहून आम्ही फ्रेंच घोड्यावर मराठा बसवायचा?

दुसरा आक्षेप भाविकांचा. ऐतिहासिक पुरुषाच्या मूर्तीला करवत लावणे हा म्हणे अपमान. पुण्यातला करमरकरांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली उभा राहिला, प्रतापगडावरचा १९५७ साली. साच्यातून निघालेला पुतळा तासल्याघासल्याशिवाय चौथऱ्यावर चढतो, असे या मंडळींना वाटते की काय? आमच्या तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाचे भक्त घोड्यावरच्या देवाची पितळी मूर्ती देव्हाऱ्यात पुजतात; तीही ओतल्यावर कारागिराच्या कानशीखालूनच येते. कानशीने देव बाटत नाही.

याच मंडळींकडून आणखी एक शास्त्र ऐकू येते : घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमांनी गेला, चारही जमिनीवर असतील तर अंथरुणात. हे शास्त्र कोणत्याही शिल्पशाळेत शिकवत नाहीत. पाय उचलतात ते डौलासाठी, आणि किती उचलायचे हे वजन ठरवते. धातूच्या छोट्या घोड्याचे तर दोन पाय वर केले की मागच्या दोन्ही पायांत पितळी तारेच्या खुंट्या घालून त्या बैठकीत रुतवाव्या लागतात, नाहीतर स्वार रणात न जाता टेबलाखाली पडतो.

माझे मागणे तसे थोडेच आहे. पाटीवर 'मराठा स्वार' लिहायचे असेल तर घोड्यापासून सुरुवात करा, मग खोगीर, मग अंगरखा. पागोटे सर्वांत शेवटी. आणि दर वेळी महाराजच कशाला? ते घडवायला मोठमोठे शिल्पकार आहेत. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर करा, स्वतःचे जनावर घेऊन येणारा शिलेदार करा. सभासदाने लिहून ठेवले आहे की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. तो नालबंद करा. त्याला वेलिंग्टनच्या डबीतले काहीच लागणार नाही. उकिडवा बसलेला माणूस, हातात हातोडी आणि समोर एका बुटक्या तट्टाचा उचललेला पाय.